जास्वंदीला गेलेले अर्धे औषध

माझे थोरले बंधू नांदेडला आतड्याच्या कर्करोगाने गेले. अखेरच्या काळात त्यांच्या पोटाच्या डाव्या अंगाला एक पिशवी चिकटवलेली असे. देहातला मळ आपली नैसर्गिक वाट सोडून त्या पिशवीत उतरे आणि ती भरली की वहिनी ती बदलत. बंधू वेदपाठी होते. त्यांच्या मुखातून मंत्राचा एक स्वर कधी इकडचा तिकडे झालेला मी ऐकला नाही. पिशवी लागली त्या दिवसापासून त्यांनी देवघराचा उंबरठा ओलांडला नाही. बाहेर पाट मांडून बसत, दुसऱ्याने चालवलेली पूजा पाहत आणि ओठसुद्धा हलू देत नसत. त्यांना कोणी अडवले नव्हते. या देहाने आता देवाजवळ जायचे नाही, हे त्यांचे त्यांनीच ठरवले होते.

म्हणून गेल्या वर्षी लातूरजवळच्या मुरुडला आमच्या घरी, एका सकाळी मला स्वतःच्या मळात रक्ताचा तांबडा धागा दिसला, तेव्हा मरणाच्याही आधी मला ती पिशवी आठवली. वडिलांनी माझ्या हाती सोपवलेला शालग्राम आमच्या देवघरात आहे. सोयर-सुतकाचे दिवस सोडले तर तोवर त्याच्या पूजेत माझ्याकडून खंड पडलेला नव्हता. शाळेत संस्कृत शिकवीत होतो तेव्हाही नाही आणि निवृत्तीनंतर तर नाहीच. आता उरलेले आयुष्य मलाही दाराबाहेरच्या पाटावर काढावे लागणार की काय, एवढा एकच प्रश्न मनात घर करून बसला.

काही दिवस मी कोणाला काही बोललो नाही. धागा पुन्हा दिसला तेव्हा पत्नीला सांगितले. तिने ते नांदेडला मुलीच्या कानावर घातले, आणि मुलगी सरकारी नोकरीत असल्यामुळे तिच्याकडे गेलेली गोष्ट निकालात निघाल्यावाचून राहत नाही. तिने तिथूनच लातूरच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचे होते. त्यांनी बंधूंच्या दुखण्याची सविस्तर चौकशी केली आणि मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून पाहावे लागेल असे सांगितले. ती कोणत्या मार्गाने घालतात हे कळल्यावर मी दुसरा काही उपाय आहे का, असे विचारले. ते हसले नाहीत. "काका, घरात शिरायचं तर दारानंच शिरावं लागतं," एवढेच म्हणाले.

त्याआधी घर झाडून स्वच्छ करायचे होते. दवाखान्यातल्या माणसाने औषधाच्या भुकटीचे मोठे पाकीट दिले आणि समजावून सांगितले. आदल्या दिवशी अन्न बंद. नारळपाणी, साखरपाणी, डाळीची निवळ एवढेच घ्यायचे. भुकटी लहान कळशीभर पाण्यात कालवायची. त्यातले अर्धे संध्याकाळी आणि उरलेले अर्धे पहाटे निघण्यापूर्वी प्यायचे. शेवटी शेवटी पोटातून केवळ पिवळसर पाणी पडले पाहिजे, तळ दिसला पाहिजे. पहाटेचे अर्धे चुकवू नका, हे त्याने जाताना पुन्हा सांगितले.

मी हे सारे आदराने ऐकून घेतले. मात्र मनातल्या मनात मला वाटत होते, की हा खटाटोप तंबाखू खाणाऱ्यांसाठी आणि सामिष जेवणाऱ्यांसाठी असावा. मी एकभुक्त आहे. कांदा-लसूण घरात येत नाही. निजताना त्रिफळा चुकत नाही. चिंच लावून घासलेल्या तांब्याच्या पंचपात्राकडे पाहावे, तसे मी आपल्या अंतर्भागाकडे पाहत आलो होतो. आत पाहण्याची सोय नसल्यामुळे हा समज इतकी वर्षे अबाधित राहिला.

संध्याकाळी संध्या आटोपून मी औषध कालवले. रंग नाही, फेस नाही, पाणीच दिसे. लिंबाचा वास मात्र येत होता. तो झाडावरच्या लिंबाचा नव्हता. भांडी घासायच्या साबणाला लावतात त्या लिंबाचा होता. पहिला घोट घेतला आणि जीभ मागे सरली. खारट म्हणावे तर त्यात गोडवा, गोड म्हणावे तर मागून कडू, आणि या सर्वांवर एक बुळबुळीत लेप. कोणी मोठ्या माणसाने लिंबाच्या साबणाने आंघोळ करून ते पाणी माझ्यासाठी राखून ठेवले असावे, असे वाटले. लहानपणी आमची आई ठरल्या दिवशी सुंठीच्या काढ्यातून एरंडेल पाजत असे. नाक दाबून ती एकदाच घशात ओते, आणि विषय संपे. याला मात्र अंत नव्हता. एक पेला संपवावा, ओकारी आवरावी, तोवर दुसऱ्याची वेळ व्हावी. पाचव्या-सहाव्या पेल्याला माझ्या डोळ्यांतून पाणी आले. ते भक्तीचे नव्हते.

पत्नी ओसरीवर वाती वळत बसली होती. ती म्हणाली, "अहो, तीर्थ घेतल्यासारखं घ्या. डोळे मिटून."

मी तिला तीर्थाचे नाव या पाण्याला न देण्याची विनंती केली.

मग पोट बोलू लागले. आमचे शौचकूप परसात, घराच्या भिंतीपासून अंतर राखून बांधलेले आहे. ज्या काळी ते बांधले त्या काळच्या दृष्टीने ते योग्यच होते. त्या संध्याकाळी मात्र ते अंतर मला काशीइतके लांब वाटले. पहिल्या खेपेला मी रीतीप्रमाणे उपरणे काढून ठेवले, जानवे उजव्या कानाला गुंडाळले, तांब्या घेतला. तिसऱ्या खेपेला तांब्या तिथेच ठेवून दिला. त्यानंतर जानवे कानावरून उतरवायला सवड अशी मिळालीच नाही. कानावर जानवे असताना बोलायचे नाही, हा आमचा नेम. त्यामुळे संध्याकाळभर मी मुका होतो. पत्नी माझ्यामागे अंगणापर्यंत येऊन विचारी, "आता कसं आहे? पातळ आहे का?" आणि मी हाताने खुणा करी. पातळपणा हाताने दाखवणे सोपे नाही. तिला काहीतरी भलतेच कळे आणि ती पुन्हा विचारी.

तिथे आत जे घडत होते ते लिहायला लेखणी धजत नाही, पण लिहिल्यावाचून पुढचे समजणार नाही. ते देहातून पडत नव्हते, फुटत होते. आधी नेहमीचे, मग चिखलासारखे, मग गढूळ ओढ्याच्या पाण्यासारखे. त्यात आदल्या दिवसाच्या अन्नाचे ओळखू येतील असे तुकडे. वास तर असा की आपलाच असूनही परका वाटावा. कितीतरी जुनी, कुजलेली, विसरलेली वस्तू कोठीतून बाहेर काढावी तसा. नाकावर उपरण्याचे टोक धरून मी बसलो होतो आणि विचार करीत होतो, की हे सारे आज सकाळी पूजेला बसलो तेव्हाही माझ्या आतच होते. सोवळे नेसून, गंध लावून, शालग्रामावर तुळशीपत्र वाहणाऱ्या माणसाच्या कटिसूत्राच्या जरा वर, हेच. त्या विचाराने मला औषधापेक्षाही जास्त मळमळले.

निजण्यापूर्वी जोर ओसरला. उरलेले औषध कळशीत झाकून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवले आणि अंग टाकले.

आता आमच्या घरचा एक नेम सांगायला हवा. आदल्या दिवशी भरलेले पाणी शिळे. दुसऱ्या दिवशी ते ना देवाला चालते, ना प्यायला. पहाटे पहिल्या प्रथम पत्नी पाण्याची भांडी रिकामी करते, घासते आणि ताजे पाणी भरते. लातूरकडच्या पाण्याची परिस्थिती ज्यांना माहीत आहे, ते या नेमाला हसतील. नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येते, आणि टंचाईच्या वर्षी तेही येत नाही. तरी देवाच्या आणि पिण्याच्या पाण्यापुरता हा नेम आम्ही सोडला नाही. शिळे पाणी मात्र ती वाया जाऊ देत नाही. ते परसातल्या जास्वंदीच्या मुळाशी जाते, म्हणून आमची जास्वंद टंचाईतही फुललेली असते.

पहाटे मी ओट्याजवळ गेलो. कळशी लख्ख घासलेली होती आणि काठोकाठ भरलेली होती. मी एक पेला भरून तोंडाला लावला. गोड, थंड, ताजे पाणी. जन्मात कधी गोड्या पाण्याने माझा असा थरकाप उडाला नव्हता.

"यातलं औषध कुठं गेलं?"

पत्नी सडा घालून आत येत होती. "कोणतं औषध?" ती म्हणाली. मग तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "कळशीत औषध होतं? मला वाटलं कालचं पाणी आहे. जास्वंदीला ओतलं मी."

"वास नाही आला?"

"तुम्ही रात्री एवढ्या ओकाऱ्या काढत होतात, मला वाटलं सगळं संपवलंत. घरभर तोच वास येऊन राहिला होता, कळशीचा वेगळा कसा कळावा?"

तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी तिला बोल लावला नाही. लग्न होऊन आल्यापासून जे हात रोज पहाटे शिळे पाणी ओतत आले, ते एका पहाटे थांबतील कसे? नेम माझ्याच घराचा होता. औषधांची दुकाने उघडलेली नव्हती आणि मोटार दाराशी येऊन उभी होती. मी मनाशी हिशेब मांडला. अर्ध्या औषधाने एवढे निघाले. माझ्यासारख्याच्या आत आता शिल्लक तरी काय असणार? सात्त्विक आहार आणि त्रिफळा मदतीला धावून येतील, अशा श्रद्धेने मी मोटारीत बसलो.

मुरुडहून लातूर फार लांब नाही, पण पोटाला अंतराचे ज्ञान नव्हते. अर्धा रस्ता ओलांडला नाही तोच आतून मुरड आली. चालक गावातलाच होता. आरशातून माझा चेहरा पाहून त्याने विचारले, "गुरुजी, थांबवू का?" मी मान हलवली. पुढच्या पेट्रोल पंपाच्या मागे एक खोली होती. तिचे दार अर्धेच होते. आत माझ्याआधी येऊन गेलेल्या सर्वांची हजेरी तशीच राहिलेली होती, तुंबलेली, वाळलेली, भिंतीवर बोटांनी ओढलेली. पाय कुठे ठेवावा याचा निर्णय होईपर्यंत देहाने आपला निर्णय घेतला. नळ फिरवला तर त्यातून हवा आली. पत्नीने मोटारीतल्या बाटलीतले पाणी दाराच्या फटीतून आत दिले. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या धोतराचा सोगा ओला होता, आणि तो कशाने ओला झाला असावा याचा विचार करण्याचे धैर्य मला झाले नाही. चालक दुसरीकडे तोंड करून उभा होता. मी मोटारीत बसल्यावर तो म्हणाला, "गुरुजी, सगळ्याच्याच पोटात हेच राहतंय. लाजून काय करता?" आणि त्याने चारी काचा खाली केल्या.

दवाखान्यात एका परिचारिकेने मला मागून उघडा राहणारा हिरवा झगा दिला. औषध सगळे घेतले का, असे तिने विचारले. मी घडले ते सांगितले. अर्धे मी घेतले, अर्धे जास्वंदीला गेले.

 ती म्हणाली, "म्हंजे जास्वंदीचं पोट साफ झालं, आजोबा. तुमचं न्हाई."

पडद्यापलीकडे कोणीतरी हसले. पत्नीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती ते मला कळले नाही.

डॉक्टर म्हणाले, आलाच आहात तर प्रयत्न करून पाहू. मग त्या परिचारिकेने मला डाव्या कुशीवर निजवले, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले आणि मागच्या मार्गाने नळीने पाणी सोडले. तिचे हात कुशल होते आणि बोलणेही मायेचे होते. "सैल सोडा आजोबा, लाजून राहिले का? माझा आजा असाच हाय." मी डोळे मिटून नामस्मरणाचा प्रयत्न केला. पण त्या अवस्थेत भगवंताचे नाव जिभेवर आणावे की नाही, याच विवंचनेत नाम राहून गेले. पाणी आत ठेवायचे होते, ते राहिले नाही. रबराच्या चादरीवर पसरले, माझ्या मांडीखाली कोमट झाले. तिने ते पुसून काढले. ज्या देहाला परान्नाचा विटाळ होऊ नये म्हणून मी जन्मभर जपले, तो देह एका परक्या घरची मुलगी कापसाने पुसत होती आणि दुसऱ्या मुलीशी भाजीच्या भावाविषयी बोलत होती.

पुढचे मला नीट आठवत नाही. गुंगीचे औषध दिले होते. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवले. गुलाबी, ओलसर, वळ्या पडलेले एक भुयार. आणि पुढे वळणावर ते भुयार चिखलाने बंद झालेले. काळपट, चिकट, फेसाळ. "डावी बाजू ठीक दिसते," ते म्हणाले. "उजव्या बाजूला असंच भरलेलं आहे. तिथं काही असेल तर या घाणीखाली आहे. मला दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे नाही असं मी म्हणणार नाही. पुन्हा करावं लागेल. पूर्ण औषध घेऊन."

मी त्या चित्राकडे पाहत राहिलो. माणसाला स्वतःचा चेहरा आरशात दिसतो, पाठ दोन आरशांत दिसते. हे मात्र कोणाला दिसू नये अशी सोय ईश्वराने केली होती, आणि मला ती सोय नेहमी त्याच्या कृपेचा भाग वाटत आली होती. तिथे माझे सात्त्विक अन्न होते. त्रिफळा होता. कदाचित नैवेद्यही असेल.

परतल्यावर मी कित्येक दिवस अन्नाकडे पाहू शकलो नाही. पानावर वरण वाढले की मला ते वळण दिसे. पूजा करीत होतो, पण हात आखडत असत. तुळशीपत्र देवावर ठेवण्याऐवजी मी ते वरून सोडू लागलो. पत्नीच्या लक्षात आले. 

शेजारचे किराणा दुकानदार एका संध्याकाळी भेटायला आले. ते वीरशैव, वयाने माझ्याएवढे, आणि त्यांची हीच तपासणी पूर्वी झालेली. औषध फ्रिजमध्ये गार करून घ्या, नाक दाबून पेल्याला एकच घोट करा, असे त्यांनी सांगितले. बोलण्याच्या ओघात मी त्यांना विचारले, की त्या दिवशी गळ्यातल्या इष्टलिंगाचे काय केले?

"काय करणार?" ते म्हणाले. "हे काढायचं नसतं, गुरुजी. रात्रभर मी त्या संडासात, आणि हे माझ्या छातीवर. मी म्हटलं, देवा, तू बरोबर आलास, आता बघ माझे हाल." मग ते मोठ्याने हसले. "तुमचा देव घरात बसतो. आमच्या देवाला सुटका नाही."

ते गेल्यावर मी बराच वेळ ओसरीवर बसलो होतो. त्यांची रीत वेगळी, माझी वेगळी. मी माझी बदलणार नव्हतो. पण थोरल्या बंधूंना हे वाक्य ऐकायला मिळाले असते तर त्यांनी काय केले असते, हा विचार काही केल्या जाईना.

दुसऱ्या खेपेला मुलीने आम्हाला नांदेडलाच बोलावून घेतले. घरापासून दवाखाना चालत जाण्याइतका जवळ, आणि आईच्या हाती कळशी नको, असे तिने स्पष्ट सांगितले. तिच्या घरी शौचकूप आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत आहे. खुर्चीसारख्या त्या भांड्यावर बसून मला पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू येई. हा अनुभव ज्याने घेतला नाही त्याला किळस या शब्दाचा पुरता अर्थ कळला असे मी मानणार नाही. औषध गार केले होते. त्याने फरक पडला तो इतकाच, की पूर्वी कोमट किळस होती, आता थंड झाली. मुलगी समोर बसून राहिली. आईला तिने खोलीबाहेर ठेवले होते.

"अजून एक, बाबा."

मी मानेने नकार दिला.

"काकांना वेळेत कोणी हे पाजलं नाही," ती म्हणाली. "एक घ्या."

मी घेतला. पहाटेचे अर्धेही घेतले. दोनदा उलटी झाली, ती मुलीने धरलेल्या तसराळ्यात झाली. मग पुन्हा घेतले. सकाळपर्यंत देहातून खरोखरच पिवळसर पाणी पडू लागले, तळ दिसू लागला. मी वाकून तो तळ पाहिला, तिला बोलावले आणि तिलाही दाखवला. बापाने मुलीला दाखवावी अशी ती वस्तू नव्हती. आम्ही दोघे खाली वाकून बघत उभे होतो, आणि ती म्हणाली, "झालं, बाबा. स्वच्छ झालं."

त्या दिवशी उजव्या बाजूला, ज्या वळणावर लातूरला चिखल भरलेला होता त्याच वळणाच्या थोडे पुढे, बोराएवढी एक गाठ सापडली. नांदेडच्या डॉक्टरांनी ती तिथेच तारेच्या फासाने काढली आणि तपासणीला पाठवली. अहवाल येईपर्यंतचे दिवस मी मुलीच्या घरी काढले. देवाजवळ काही मागितले नाही. मागण्याची आमची रीत नाही. मुलीच्या देवांपुढे नुसता बसत असे.

अहवाल आला. गाठ कर्करोगाची नव्हती, पण ठेवली असती तर पुढे तेच झाली असती, असे डॉक्टरांनी सांगितले. ज्या जातीच्या गाठीतून थोरल्या बंधूंचे दुखणे वाढले असावे, तीच ही जात. पोट कापायचे नाही, पिशवी नाही. पत्नीने तिथेच हात जोडले. मीही जोडले. आनंद झाला होता, आणि तरीही तोंडात लिंबाच्या साबणाची चव होती. ती आजही कधी कधी येते. कृतज्ञतेने किळस जाते असे कोणी सांगत असेल तर त्याने ते पाणी प्यायलेले नाही.

आम्ही उठलो तेव्हा डॉक्टरांनी मुलीला थांबवले. सख्ख्या काकाला आणि वडिलांना हे निघाले. तुमचेही वय आता चाळिशीच्या पुढे आहे. तुम्हीही एकदा तपासून घ्या, पुढच्या काही महिन्यांत. औषध हेच.

बाहेर आल्यावर ती जिन्याजवळ थांबली. इतके दिवस तिने मला रागावून, धरून, पुसून पार नेले होते. आता ती कठड्याला धरून उभी होती आणि तिचा चेहरा माझ्या बंधूंसारखा दिसत होता.

"मला नाही जमायचं ते, बाबा," ती म्हणाली. "मी तुम्हाला पाजत होते, पण मला वासानंच भडभडून येत होतं. मी नाकाला तेल लावून बसले होते."

मला वास येत असताना तिलाही तो येत असेल, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते. ते सुगंधी आहे किंवा सवय होते, असे काहीतरी मुलीला समजावावे असे क्षणभर वाटले. पण ती वास घेऊन बसली होती. तिच्याशी खोटे बोलण्यात अर्थ नव्हता.

"घाणेरडं आहे," मी म्हणालो. "फार घाणेरडं आहे. तारीख ठरव. मी येतो, आणि तू शेवटचा पेला संपवेपर्यंत समोरून हलत नाही."

तिने आईकडे पाहिले. पत्नी म्हणाली, "मी कळशीला हात लावणार नाही."

ती हसली नाही. पण तिने कठडा सोडला आणि आम्ही तिघे जिना उतरू लागलो.